बोलला तर हाफ, गप बसला तर लगेज

देगलूरला सिनेमाबद्दल कुणाला मत विचारावं लागत नाही. ते आपणहून घरपोच येतं. त्यातून सिनेमा भुताचा असला, त्यात विनोद कोंबलेला असला आणि निर्मात्याच्या खिशात फारसं काही नव्हतं हे पडद्यावर उघड दिसत असलं, तर परीक्षणाच्या कामातून गावातलं कुणीच अंग काढून घेत नाही. शंभर कोटींच्या सिनेमातून बाहेर पडताना आमचा माणूस "भारी हाय" एवढंच म्हणतो आणि गाडीची किल्ली चाचपायला लागतो. तोच माणूस भुताच्या पायात निळ्या पट्ट्याची स्लिपर दिसली की चार दिवस बोलत राहतो. सिनेमाचा खर्च आणि प्रेक्षकांची मतं यांचं प्रमाण व्यस्त असतं, असं माझं निरीक्षण आहे. पैसा जितका कमी, तितके समीक्षक जास्त. आणि भुताला बांधलेली दोरी दिसलीच, तर मग सगळेच दिग्दर्शक.

भुतांच्या पुरवठ्याच्या बाबतीत आमचं गाव सुखी आहे. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक, पाठीशी महाराष्ट्र. त्यामुळं एकच भूत आमच्याकडं तीन दिशांनी येतं. 1993 साली मल्याळममध्ये 'मणिचित्रताळू' नावाचा सिनेमा आला. त्यातली ती कुलूपबंद खोलीतली नर्तकी 2004 ला 'आप्तमित्र' होऊन कानडीत आली, 2005 ला 'चंद्रमुखी' होऊन तमिळमधून तेलुगूत उतरली आणि 2007 ला 'भूलभुलैय्या'तून हिंदीत. कानडीत ती नागवल्ली, तेलुगूत चंद्रमुखी, हिंदीत मंजुलिका. आमच्या किराणावाल्या शेठजींची उधारी तिन्ही राज्यांत पसरलेली, त्यामुळं वसुलीच्या निमित्तानं त्यांनी तिन्ही बघितले. त्यांचं मत एका वाक्यात आटोपलं : "खोली तीच हाय. निस्तं कुलूप बदललेत." तहसीलमधले एक बाबू तिथंच चहा पीत होते. ते म्हणाले, नावात बदल करायचा तर राजपत्रात द्यावं लागतं, या बाईनं दिलेलं दिसत नाही.

पण हे सगळे पैसेवाले सिनेमे. खरी समीक्षा बघायची तर 'झपाटलेला'कडं यावं लागतं.

तोही 1993 चाच. महेश कोठारेंचा. लक्ष्मीकांत बेर्डे शब्दभ्रमकार, कोठारे इन्स्पेक्टर, आणि दिलीप प्रभावळकरांनी केलेला तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्र म्हणून एका बाहुल्यात शिरतो, एवढी गोष्ट. आमच्या गल्लीत तो व्हीसीआरवर आला. गणपतीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं रात्रभराचं भाडं ठरायचं. पहिला पिक्चर देवाचा, तो म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा, तो वर्गणी जास्त देणाऱ्यांसाठी. भुताचा नेहमी तिसरा, कारण तोवर लहान पोरं झोपलेली असायची आणि न झोपलेली पोरं घाबरून घरी जायची हिंमत करत नसत, म्हणजे पहाटेपर्यंत टीव्हीला राखण आपोआप मिळायची.

'झपाटलेला' संपला तेव्हा पहाट व्हायची होती. पण मंडपातून कुणी उठेना. चर्चा सुरू झाली.

पहिला मुद्दा आत्याबाईंनी काढला. आमच्याकडं भुताच्या सिनेमात कथा कशी होती हे नंतर विचारतात. आधी भूत कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवतात. मुंजा असेल तर तो पिंपळावर पाहिजे. आसरा पाण्यात पाहिजेत. चकवा शिवारातच लागला पाहिजे, एसटी स्टँडवर लागलेला चकवा आम्ही मानत नाही, तिथं तसंही माणूस गोल गोलच फिरतो. या शास्त्रात आत्याबाईंचा शब्द अखेरचा. त्यांनी पदर खोचला आणि निकाल दिला : "बाहुल्यात कुठं अंगात येतंय व्हय? अंगात यायला आधी अंग तर पायजे."

यावर टेलरमामांनी हरकत घेतली. अंगाचा प्रश्न त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सोडून दिला होता; त्यांचं सगळं लक्ष बाहुल्याच्या कपड्यांवर होतं. "माप कुठून घेतलं असंल?" हा त्यांचा प्रश्न. लहान लेकराच्या मापानं शिवलं तर बाहुल्याला खांदा उतरतो, आणि बाहुल्याच्याच मापानं शिवलं तर हात वर करताना बगलेत उसवतं. याचं तर पळताना, उड्या मारताना, माणसाच्या नरड्यावर बसतानासुद्धा कुठं उसवलं नाही. "काम करणारा कारागीर हाय," असं म्हणून मामांनी हात जोडले. पुढं कित्येक वर्षं हा सिनेमा त्यांच्या लेखी शिलाईवरचाच होता.

मग एसटीतले कंडक्टर साहेब बोलले. देगलूर डेपोत त्यांची हयात गेलेली. त्यांना भीती वाटली होती का, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, भीती नाही, पण एक अडचण आली. हा बाहुला गाडीत चढला तर तिकीट काय फाडायचं? पाच वर्षांच्या खालचा म्हणावा तर फुकट. पण तो शिव्या देतो, म्हणजे वय जास्त आहे. सामान म्हणावं तर लगेजचं तिकीट होतं, पण सामान स्वतःच्या पायानं चढत नाही. मंडपात बराच वेळ खल झाला. उदगीर गाडीत एकदा कुणी मोठी बाहुली मांडीवर घेऊन बसलं होतं, त्याचा दाखला निघाला. शेवटी कंडक्टर साहेबांनीच निवाडा केला : "बोलला तर हाफ, गप बसला तर लगेज." महामंडळाच्या नियमावलीत हे कुठं नसेल, असायला हरकत नाही.

गावात त्या सुमारास कॉलेजला गेलेला एक पोरगा होता. शहरात जाऊन आलेल्या पोराला गावातल्या आनंदात एक टाचणी टोचायचीच असते. तो म्हणाला, हा सिनेमा ओरिजिनल नाही, 1988 साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' नावाचा सिनेमा आलेला आहे, त्यात चकी नावाचा असाच बाहुला आहे, ही त्याची कॉपी. हे खरंच होतं. पण मराठवाड्यात कॉपी हा शब्द जपून वापरावा. मागून आवाज आला, "कॉपीचं नाव काडू नगंस लेका. दहावीला तुजा बाप खिडकीखाली हुबा व्हता." तो विषय तिथं संपला. चकीचं नाव गावात परत कुणी काढलं नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र तात्यांना झाला. तात्या म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी, गावोगाव असतात तसे. त्यांचा या सिनेमाशी काही संबंध नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून ते दूध आणायला निघाले की भिंतीआडून "विंचू" अशी हाक यायची. सातबाऱ्यावर ज्यांच्या सहीनं माणसं थरथरत, त्या माणसाला पोरं एका बाहुल्याच्या नावानं चिडवायला लागली. शेवटी चिडून त्यांनीही कॅसेट मागवून सिनेमा बघितला. बघून झाल्यावर म्हणाले, "तो मंतर मनून बाहुल्यात गेला. मला कारट्यानी बिनमंतराचं घातलं."

एक गोष्ट आम्हाला फार नंतर कळली. तात्या विंचूला हलवणारे हात रामदास पाध्ये यांचे. वडिलांकडून आलेल्या अर्धवटरावाला घेऊन ज्यांनी महाराष्ट्र हसवला, तेच. आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो गुबगुबीत ससाही त्यांचाच. म्हणजे ज्या टीव्हीवर रात्री बाहुला माणसांचे गळे धरत होता, त्याच टीव्हीवर संध्याकाळी त्याचा चुलतभाऊ पापड खाऊन खिदळत होता. आत्याबाईंना मी हे सांगितलं. त्या घटकाभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तरीच तो ससा इनाकारण हसलालाय."

माझ्या मते या सिनेमाची ताकद इथंच आहे. बाहुल्याच्या मागं माणूस आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी रात्री मोरीकडं जाताना प्रत्येकानं घरातल्या कुणाला तरी "चल की" म्हटलं. भूत खोटं आहे हे कळायला अक्कल लागत नाही. कळूनही भ्यायचं, आणि भीत असताना शिलाई बघायची, याला मात्र बैठक लागते.

आमचे निवृत्त गुरुजी या बैठकीत जरा वेगळे बसतात. ते अंधश्रद्धा निर्मूलनवाले. त्यांनी 'झपाटलेला' पहिल्यांदा बघितला तेव्हा फक्त नापसंती होती. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला आणि नापसंतीला कलमं मिळाली. आता टीव्हीवर सिनेमा लागला की गुरुजी तात्या विंचूला मंत्र देणाऱ्या बाबा चमत्कार या पात्रावर गुन्हा दाखल करतात. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार दंड, दखलपात्र, अजामीनपात्र. एकदा शेजारचे जमादार बसले होते. ते म्हणाले, "सर, कायदा मागच्या तारखेनं लागत न्हाई. सिनेमा 93 चा हाय." गुरुजी म्हणाले, मग 'झपाटलेला 2' 2013 चाच आहे. जमादारांनी महिना विचारला. जून. कायदा डिसेंबरचा. बाबा चमत्कार पुन्हा सुटला. जमादार जाता जाता एवढंच विचारून गेले की बाहुल्याला अटक केली असती तर अल्पवयीन धरायचं होतं का.

हिंदीत भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचं आमच्याकडं कधी जमलं नाही. त्यांनी कष्ट कमी केले नाहीत. 'पुराना मंदिर' 1984 चा; कमी पैशात भरपूर धूर, मध्ये जगदीपचा विनोद, आणि त्यातला सैतान सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल, जे मुळात रुरकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेले. हे ऐकून आमचे एक गुत्तेदार म्हणाले, "तरीच पडक्या वाड्यात राहतो. बिल निघालं नसंल." पण रामसेंचा सगळा डोलारा अमावस्येवर, आणि इथं त्यांची फसगत होते. पडद्यावर कुणी घोगऱ्या आवाजात अमावस्येची रात म्हटलं की आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढं भूत येत नाही, जेवण येतं. पोळा अमावस्येला. लक्ष्मीपूजन अमावस्येला. आणि मार्गशीर्षातली येळवस तर अमावस्येचीच; त्या दिवशी नांदेड-लातूरची निम्मी गावं कुलूप लावून शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांच्यावर तुटून पडतात. संध्याकाळी घरी परततात तेव्हा भूत समोर आलं तरी त्याला भिण्याइतकी पोटात जागा नसते. एकदा 'अमावस्या' ऐकून मागच्या रांगेतनं एकानं मोठ्यांदा विचारलं होतं, "कोनती? येळवस का?" पुढचा सगळा पिक्चर लोक आंबिलीवर बोलत होते.

आता 31 ऑक्टोबर.

हॅलोविन देगलूरला इंग्रजी शाळेतून आला. एका शाळेनं चिठ्ठी पाठवली की मुलांना भयानक वेशात पाठवावे. आमच्या नातेवाइकांतल्या एका सूनबाईंनी ती चिठ्ठी सासूबाईंना वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, सर्वपित्री होऊन किती दिवस झाले? कावळ्याला ठेवलं ते पोचलं नाही का, की परत आले? त्यांना समजावलं की हे वेगळे, हे अमेरिकेतले, दारात येऊन चॉकलेट मागतात. त्यांना हे लगेच पटलं. सोंग घेऊन दारात येणं आणि काहीतरी पदरात पडल्याशिवाय न हलणं हे रायरंदानं पिढ्यानपिढ्या केलेलं आहे. तो तर खोटा फौजदार होऊन यायचा, लग्नाला बोलावलं नाही म्हणून भर दारात अटक करायचा आणि पायलीभर जवारी घेऊन सोडायचा.

मग पोशाखाचा प्रश्न. बाजारातला भुताचा ड्रेस महाग. घरात आजोबांचं जुनं धोतर ट्रंकेत होतं. सूनबाईंनी ते काढलं, दोन डोळ्यांना दोन भोकं पाडली, पोराच्या डोक्यावरून सोडलं, वर आजोबांचाच जाड भिंगांचा चष्मा लावला. पोरगं वाकून, एक हात कमरेवर ठेवून घरभर हिंडायला लागलं. वाटलं आता सासूबाई धोतर फाडलं म्हणून आरडाओरडा करणार. त्यांनी नातवाकडं खालून वर बघितलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाल्या, "आगदी ह्यांच्यावानीच दिसलालाय. निस्तं ह्यो बोलावलं की येतोय, त्ये येत नव्हते."

शाळेत पोराला बक्षीस मिळालं नाही. ते लाल भोपळा झालेल्या एका मुलीला मिळालं. यावर पालकांत जी मतं पडली ती इथं देत नाही. लाल भोपळ्याला आमच्याकडं भूत कुणी मानत नाही, एवढंच सांगतो. भूत पळवायला लागतो तो कोहळा, आणि सीमेपलीकडं तर बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक घरावर जीभ काढलेला, सुळे रंगवलेला राक्षसाचा मुखवटा बारा महिने टांगलेला असतो. ती मंडळी वर्षभर हॅलोविन करतात आणि त्याची सुट्टीसुद्धा घेत नाहीत.

याच भरात एका संध्याकाळी हॉटेलात बसून मी मंडळींना जॉन कारपेंटरचा 1978 चा 'हॅलोविन' मोबाइलवर दाखवला. हॉटेल म्हणजे चहाचं. खर्च सव्वातीन लाख डॉलरांच्या आसपास, आणि नुसत्या अमेरिकेत त्यानं साडेचार कोटी डॉलरांहून जास्त कमावले, हे मी आधीच सांगितलं. शेठजी खुर्ची ओढून पुढं आले. खुनी माणसाच्या तोंडावरचा तो पांढराफटक मुखवटा दोन डॉलरच्या आत आणलेला. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टनचा चेहरा, त्याला पांढरा रंग मारला, केस विस्कटले, डोळ्यांची भोकं मोठी केली. "मंजी आमच्या धोतरावानीच," सूनबाईंचे यजमान म्हणाले. आणि गोष्ट ऑक्टोबरातली, पण शूटिंग कॅलिफोर्नियातल्या वसंतात, झाडं हिरवीगार. मग सुकलेली पानं आणायची कुठून? पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत पसरली. मंडप-डेकोरेशनवाले मामा इतका वेळ गप्प होते. ते उठले, मोबाइलमधल्या पानांकडं नीट बघून म्हणाले, "एका कमानीवर चार लग्नं मी बी काडतो. पर गोळा करताना मोजून घ्यावी लागत्यात."

आता मात्र सगळ्यांना कंठ फुटला. सिनेमा आपल्यातलाच निघाला होता. गोष्ट इलिनॉय राज्यातली, म्हणजे थंड मुलुखातली, पण मागं एका शॉटमध्ये पामची झाडं दिसतात. अमेरिकेतल्या चोखंदळ लोकांनी ही चूक पूर्वीच पकडलेली आहे. आमच्या चाचांनी ती चष्मा न लावता पकडली. "वो देखो पीछे शिंदी का झाड." तेलंगणाच्या हद्दीवर राहणाऱ्याला शिंदी लांबून ओळखू येते. आणि तिथून त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो मी कुठल्या परीक्षणात वाचलेला नाही. सिनेमाभर तो खुनी कधीच पळत नाही, सावकाश चालतो, आणि तरी पळणाऱ्या पोरींना गाठतो, हे जगभरच्या प्रेक्षकांना पडलेलं कोडं. चाचा म्हणाले, "पीके है वो. इसलिए आहिस्ता चल रा."

2022 च्या 'झोंबिवली'वर फार बोलणं झालं नाही. डोंबिवलीत पाण्यातून लागण होते आणि माणसांचे झोंबी होतात, ही कल्पना चांगली, पण आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्यातून काहीही पसरायचं तर आधी पाणी यावं लागतं. त्याच दिग्दर्शकाचा, आदित्य सरपोतदारांचा, 'मुंज्या' 2024 ला आला आणि शंभर कोटींच्या वर गेला. मुंजा म्हणजे तर आमचा घरचा विषय. गावोगाव मुंजाबाचे पार आहेत, तिथं दुपारी पत्ते चालतात. मी मोठ्या आशेनं मंडळींना मतं विचारली.

"भारी हाय," टेलरमामा म्हणाले.

कपडे?

"कम्पूटरवर शिवलेत."

आणि गप्प. मामांना बोट ठेवायला टाकाच सापडला नाही. कंडक्टर साहेबांनाही तिकिटाचा प्रश्न पडला नाही. जे कॉम्प्युटरात असतं ते गाडीत चढत नाही. चर्चा पाच मिनिटांत सोयाबीनच्या भावावर गेली.

म्हणून मतांची भूक भागवायला मी येळवशीच्या सुमाराला माळेगावच्या यात्रेला जातो. लोहा तालुक्यात, खंडोबाची. लोक घोडे, गाढवं, उंट बघायला आणि लावणी ऐकायला जातात. मला तिथं पत्र्याचा एक भूतबंगला पुरतो. आत अंधार, टेपवर किंकाळ्या, प्लॅस्टिकचे सांगाडे आणि चेहऱ्याला पावडर फासलेली तीन-चार पोरं. आमच्या गावचे एक पैलवान मामा आत गेले आणि लगेच बाहेर आले. आतल्या सांगाड्यामागनं भूत ओरडत अंगावर आलं होतं, पण उजेडाच्या तिरपीत त्यानं मामांना ओळखलं आणि "मामा, तुमी कदी आलाव?" म्हणत पाया पडलं. भाच्याचा मित्र निघाला.

मामांनी तिकिटवाल्याला धरलं. भूत संस्कारी आहे याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण पैसे भ्यायचे घेतले होते. शिवाय पाटीवर भुतं चार रंगवलेली आणि आत एकच. तिकिटवाला म्हणाला, बाकीची चहा प्यायला गेलीत, थांबा, येतील. मामा थांबले. भुतं आली, तोंड पुसत, एकाच्या हातात वडापावचा कागद. मामा बिनतिकिटाचे परत आत गेले. आतून एक मोठी किंकाळी आली, ती टेपवरची नव्हती.

बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते, पण समाधानी दिसले. "हां, आता जमलं," तिकिटवाल्याला म्हणाले. "पर त्या हडळीची मिशी काडा."